अनुभवी चालक घ्यावेत की गोदामातल्या माणसांना तयार करावे?

मालवाहतुकीच्या व्यवसायासंबंधी आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. एक ट्रान्सपोर्टच्या मालकाचे आहे आणि दुसरे हमाली करणाऱ्या तरुणाचे. दोघांचा एकमेकांशी परिचय नाही, परंतु एकाच निर्णयाच्या दोन बाजू त्यांनी विचारल्या आहेत.

प्रश्न : नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीजवळ आमचा पार्ट लोडचा, म्हणजे अनेकांचा थोडा-थोडा माल एकाच गाडीतून पोहोचवण्याचा, व्यवसाय आहे. तीन पिकअप, दोन चौदा फुटी आणि दोन दहा टायरी गाड्या आहेत. भिवंडी आणि पुणे या आमच्या रोजच्या वाटा. चालक मिळत नसल्यामुळे दोन्ही मोठ्या गाड्या वरचेवर उभ्या राहतात. बाहेरून घेतलेला अनुभवी चालक चार-सहा महिन्यांत निघून जातो. गोदामात माल चढवणारी दोन-तीन मुले हुशार आणि भरवशाची आहेत. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की, त्यांनाच अवजड वाहनाचा परवाना काढून द्यावा. मला मात्र ही जोखीम वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपल्या दोन मोठ्या गाड्यांसाठी आज अनुभवी चालकच घ्यावेत, आणि त्या मुलांची तयारीही आजच सुरू करावी, मात्र त्यांच्याकडून या हंगामातली अडचण सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. आपले बंधू माणसे बरोबर हेरत आहेत, फक्त त्यांचा काळाचा अंदाज चुकतो आहे.

काळाचे म्हणतो, कारण कायद्यानेच तो घालून दिलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे परिवहन वाहन, म्हणजे माल किंवा प्रवासी नेणारे व्यावसायिक वाहन, चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. शिकाऊ परवान्यानंतर चाचणीसाठी ३० दिवस थांबावे लागते, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे ज्या मुलाकडे आज फक्त दुचाकीचा परवाना आहे, तो नियमाप्रमाणे दहा टायरी गाडीवर बसेपर्यंत सव्वा-दीड वर्ष सहज जाते. आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट २०१९ मध्ये काढून टाकल्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांचा एक मोठा अडसर दूर झाला आहे, ही जमेची बाजू.

हे दीड वर्ष वाया जाण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत आहे ती हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, त्यासाठी परवान्यावर परिवहन वाहनाची वेगळी नोंद लागत नाही. घातक रसायनांच्या मालाला मात्र ही सवलत नाही. आपली तिन्ही पिकअप या मर्यादेत बसतात. चौदा फुटी गाड्यांचे एकूण वजन आरसी बुकात पाहून घ्यावे, कारण लांबी सारखी असली तरी मॉडेलप्रमाणे हे वजन बदलते. तेव्हा मुलगा आधी कार शिकेल, मग अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून माल गोळा करणाऱ्या पिकअपवर वर्षभर काम करेल आणि मगच मोठ्या गाडीच्या शिकाऊ परवान्याकडे वळेल, असा क्रम लावावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गोदामातला माणूस चालक म्हणून कोऱ्या पाटीने येत नाही, हे मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पार्ट लोडमध्ये चालकाचे निम्मे काम गाडी हलण्याआधीच झालेले असते. भिवंडीला शेवटी उतरायचा माल आधी आत जातो आणि वाटेत पहिल्यांदा उतरायचा माल दरवाजाशी राहतो; जड नग तळाला आणि एक्सलवर भार सारखा पडेल असे बसतात; पाइप किंवा पत्र्याच्या गुंडाळ्या पुढे सरकू नयेत म्हणून त्यांना पाचर आणि पट्टा दोन्ही लागतात; तेलाचे डबे धाग्याच्या पेट्यांवर चढवायचे नसतात. हे सारे तो रोज हातांनी करत असतो. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, चाळीस नग लिहिलेले असताना गोदामाच्या फलाटावर एकोणचाळीस आहेत, हे त्याला मोजायच्या आधी रचनेवरून दिसते. बाहेरून आलेला, वीस वर्षे एकाच कंपनीचा पूर्ण भाराचा माल वाहिलेला चालक या बाबतीत कच्चा असू शकतो, कारण त्याच्या गाडीचे दार एकदा बंद झाले की थेट मुक्कामीच उघडत असे.

याउलट गोदामातल्या माणसाला जे येत नाही ते चार आठवड्यांच्या वर्गात येण्यासारखे नाही. उदाहरण आपल्याच वाटेवरचे घेऊ. भरलेली दहा टायरी कसारा घाटातून उतरताना, जो गिअर टाकून ती घाट चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवावी लागते, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वी पडलेला असावा लागतो. नवखा माणूस डिझेल वाचवण्यासाठी किंवा घाबरून वरचा गिअर ठेवतो आणि पाय ब्रेकवर दाबून धरतो. काही वळणांनंतर ब्रेकचे ड्रम तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबले तरी गाडी पूर्वीसारखी धरत नाही. त्या क्षणी गिअर खाली घ्यायला जावे, तर तो पडतच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. अनुभवी चालकाला हे संकट कधी येत नाही, कारण तो ते दोन किलोमीटर आधीच टाळून आलेला असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू झाल्यामुळे कसारा टाळता येतो, हे खरे. पण पुण्याची वाट चंदनापुरी घाटातूनच जाते, आणि पावसाळी रात्री ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते, ही गोष्टही अनुभवानेच अंगात मुरते.

हा अनुभव पूर्वी क्लीनर म्हणून मिळत असे. मुलगा उस्तादाच्या, म्हणजे मुख्य चालकाच्या, शेजारी वर्षानुवर्षे बसायचा, टायर वाजवून हवा ओळखायचा, ताडपत्री बांधायचा, आणि मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा. त्या पद्धतीत परवान्याचा पत्ता नसायचा आणि पिळवणूकही भरपूर होती, त्यामुळे ती जशीच्या तशी परत यावी असे मी म्हणणार नाही. परंतु खर्च वाचवण्यासाठी आपण मालकांनी क्लीनरची जागा काढून टाकली आणि तिच्याबरोबर चालक तयार होण्याची एकमेव सोयही काढून टाकली. आज चालक मिळत नाहीत याची जी कारणे आहेत, त्यात या कारणाला मी बरेच वरचे स्थान देतो.

म्हणून मुलाला परवाना मिळाल्यानंतर किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर, एका जाणत्या चालकाच्या शेजारी पूर्ण पगारावर बसवण्याची आपली ऐपत असेल, तरच हा मार्ग घ्यावा. प्रशिक्षणाचा मोठा खर्च शाळेच्या फीचा नसून या शेजारच्या सीटचा आहे. शिवाय शिकवणाऱ्या चालकाला दरमहा वेगळा भत्ता द्यावा. तो मिळाला नाही तर शिकाऊ मुलगा त्याला आपल्या पोटावर येणारा वाटतो आणि तो काही शिकवत नाही. सुरुवातीचे शिक्षण शक्यतो चांगल्या संस्थेत व्हावे. केंद्राच्या नियमांप्रमाणे अधिस्वीकृत प्रशिक्षण केंद्रांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. ३८ तास म्हणजे पाया, त्याहून अधिक नाही.

अमेरिकेत पार्ट लोडच्या मोठ्या कंपन्या फलाटावरच्या कामगारांना स्वतःच्या खर्चाने शिकवून चालक करतात, असा दाखला आपल्या बंधूंनी कदाचित वाचला असेल. तो खरा आहे. पण तिथे त्यासाठी प्रशिक्षक, मैदान आणि शेकडो गाड्यांचा पसारा असतो. सात गाड्यांच्या मालकाने एका वेळी एकच मुलगा घ्यावा.

एक धोका आवर्जून सांगतो. गोदामातला माणूस चालक झाला की, तोच माल भरेल, तोच गाडी नेईल आणि तोच उतरवेल, असा मोह होतो. कृपा करून तसे करू नये. दिवसभर पोती उचललेल्या माणसाला रात्रीच्या गाडीवर बसवणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देणे होय. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला होता, तो उगीच नव्हे. त्याचप्रमाणे परवाना नसलेल्या मुलाला आवारात 'गाडी जरा मागे घे' म्हणून सांगण्याची जी सवय सगळीकडे आहे, ती आजपासून बंद करावी. फलाट आणि गाडीचा मागचा भाग यांच्यामध्ये माणूस सापडतो, तो अशाच वेळी.

अनुभवी चालक घेताना परवान्याची छायाप्रत पाहून थांबू नये. परवान्यांच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर त्याची मुदत आणि वाहनाचा वर्ग तपासावा. वर्ग चुकीचा असल्यास अपघातानंतर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. रसायनांचा माल असेल तर परवान्यावर घातक मालाची वेगळी नोंद आहे का तेही पाहावे. नंतर त्याला किल्ली द्यावी आणि काही न बोलता पाहत राहावे. जो थेट केबिनमध्ये चढून स्टार्टर मारतो त्याच्यापेक्षा जो आधी गाडीभोवती फिरतो, टायर आणि दोर पाहतो, ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबतो, तो घ्यावा. फलाटाला गाडी लावायला सांगावी आणि तो एकदा खाली उतरून मागे पाहतो का ते लक्षात ठेवावे. उतरून पाहणारा माणूस मी कमी समजत नाही, उलट त्यालाच पसंती देतो.

राहिला प्रश्न चालक चार-सहा महिन्यांत का जातात याचा. याचे उत्तर बहुधा आपल्याच फलाटावर सापडेल. गाडी पोहोचल्यावर तिला किती तास रिकामे न करता उभे ठेवले जाते, त्या वेळात चालकाला शौचालय आणि पाणी मिळते का, थांबण्याचे पैसे मिळतात का, नग कमी आले की चौकशीशिवाय त्याच्या पगारातून कापले जातात का, वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे, पैसे त्याला खिशातून भरावे लागतात का, हे गेलेल्या चालकांनाच फोन करून विचारावे. त्याची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा असेल तर ती सोडावी. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, परंतु जुन्या गाडीत निदान चांगली गादी आणि पंखा देणे आपल्या हातात आहे. ज्या कारणांनी परका चालक गेला, त्याच कारणांनी आपण घडवलेला मुलगाही जाईल, आणि तो गेल्याचे दुःख व खर्च दोन्ही अधिक असतील.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून माथाडी मंडळाकडे नोंदीत कामगार आहे. ज्या गोदामात आमची टोळी काम करते तिथले शेठ म्हणतात, 'तू ड्रायव्हर हो, परवान्याचा खर्च मी करतो.' माझ्याकडे कारचा परवाना तीन वर्षांपासून आहे. घरी आई म्हणते, मंडळ सोडू नकोस. मी काय करू?

उत्तर : आपल्या आईंची काळजी रास्त आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला जे मिळाले, ते या राज्यातल्या कष्टकऱ्यांनी लढून मिळवलेले आहे. मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही भरली जाते आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची तरतूद होते. चालकाचे काम माथाडीच्या कामात मोडत नाही. म्हणजे आपण गाडीवर गेलात की, टोळीतली जागा सुटेल आणि आपण शेठचे थेट नोकर व्हाल; नव्या ठिकाणी ग्रॅच्युइटीची वर्षेही पहिल्यापासून मोजली जातील.

तरीही मी आपल्याला नाही म्हणणार नाही. पन्नाशीनंतर पाठीवर ओझे घेणे कठीण होते आणि चालकाचे कौशल्य तोवर टिकते. आपला कारचा परवाना तीन वर्षांचा असल्यामुळे एक वर्षाची अट आपण केव्हाच पूर्ण केली आहे. फक्त राजीनामा आधी देऊन मग शिकायला जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी किंवा कामानंतर प्रशिक्षण घेऊन परवान्यावर परिवहन वाहनाची नोंद करून घ्यावी आणि तोवर टोळीतले काम चालू ठेवावे. आणखी एक, पैसे खर्च होण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, रंग ओळखण्याची तपासणीही त्यात यावी. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या वेळी दोष कळला तर सगळीच मेहनत फुकट जाते.

नोंद हाती आल्यावर शेठकडून नेमणूकपत्र मागावे. त्यात महिन्याचा पगार, बाहेरगावचा भत्ता, भविष्य निर्वाह निधी, साप्ताहिक सुट्टी, आणि पहिले किती महिने जाणत्या चालकासोबत काम असेल, हे लिहिलेले असावे. परवान्याच्या खर्चाच्या बदल्यात ते काही वर्षे थांबण्याची अट घालतील. ती मान्य करायला हरकत नाही, मात्र मध्येच सोडल्यास नेमकी किती रक्कम परत द्यायची आणि ती दरवर्षी किती कमी होत जाईल, हे आकड्यांत लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. टोळीच्या मुकादमांना ही गोष्ट आपणच आधी सांगावी, कारण उद्या त्याच फलाटावर आपली गाडी भरायला तीच माणसे असतील. मंडळाच्या कार्यालयातून आपल्या निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा लेखी हिशेब घेऊन तो आईंना दाखवावा. शेठचे नेमणूकपत्र त्याच्याशेजारी ठेवून दोन्हींची बेरीज घरात बसून करावी, आणि पत्रात भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख नसेल तर तो येईपर्यंत टोळी सोडू नये.