रात्रीच्या वाटणीबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन महिने झाले, तू नोकरी सोडलीस आणि घरी येणारा प्रत्येक जण 'लेक असावी तर अशी' म्हणत चहा पिऊन जातो, एवढे त्यातून समजले. या कौतुकाविषयीच मला लिहायचे आहे, कारण सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मीही त्यालाच भुलले होते.

रुग्णालयातून घरी सोडताना कागदावर एक ओळ असते : दर दोन तासांनी कूस बदलावी. ती कोणी बदलावी, हे तिथे लिहिलेले नसते. दिवसाकाठी १२ वेळा, त्यांतल्या चार रात्रीच्या. म्हणजे हे एकटीने करणाऱ्या माणसाला सलग झोप मिळणारच नाही, हा साधा हिशेब मी मांडलाच नाही. दुसऱ्या महिन्यात एका आठवड्यात तीनदा मी गजर बंद करून सकाळपर्यंत झोपले आणि सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला. शेजारणीच्या सांगण्यावरून मी तो तेल लावून चोळला, जे मुळीच करायचे नसते. दाबाने रक्तपुरवठा खुंटलेल्या त्वचेला चोळण्याने अधिकच इजा होते. बोटाने दाबूनही लाली फिकट होत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजावी, त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. हवेची गादी घेतलीस हे उत्तम केलेस, मात्र तिच्यामुळे कूस बदलणे चुकत नाही. बाबांना ओढून सरकवू नकोस. पाठीखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलावे. 'दोघांनी' हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तुझा भाऊ बंगळुरूहून पैसे पाठवतो, त्यात मला वावगे दिसत नाही. बाबा त्याच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र निघाले, तर जुन्या कररचनेत त्याला उत्पन्नातून ७५,००० रुपयांची, अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळू शकते. (बाबांच्या खाटेशी जमिनीवर गादी टाकून जी झोपते, तिच्यासाठी असा रकाना नाही.) जो कर वाचेल तो रुग्णाजवळ माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोतून आठवड्यातल्या दोन रात्री माणूस लावण्यासाठी दे, असे त्याला स्पष्ट सांग. शिवाय दिवाळीला तो येईल तेव्हा चार रात्रींचा गजर त्याच्या उशाशी असू दे. आत्यासारखे जे 'काही लागले तर सांग' म्हणतात, त्यांना तिथल्या तिथे 'मंगळवारी ११ ते १' असे वेळेसकट उत्तर देत जा. निम्मे कचरतील, उरलेले निम्मे पुरतात.

रात्री तीन वाजता बाबांचाच राग येतो, असे तू शेवटी घाईघाईत लिहिले आहेस. मलाही सासूबाईंचा यायचा. सलग पाच तास झोप झाली की तो बराचसा ओसरलेला असायचा.

येत्या रविवारी दुपारी २ ते ६ मी बाबांजवळ बसेन. कूस बदलण्याच्या वेळा भिंतीवर लिहून ठेव आणि तू घराबाहेर पड. औषधांचे दुकान सोडून कुठेही जा.

तुझी,
मावशी