खेळाडूंची सर्वांत फायदेशीर अदलाबदल कोणत्या संघाने केली?

या वादात लॉस एंजेलिस लेकर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचे चाहते हमखास १९९६ चे उदाहरण पुढे करतात. शार्लट हॉर्नेट्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १३ व्या क्रमांकावर निवडलेला कोबी ब्रायंट लेकर्सनी आपला खेळाडू व्लादे दिवाच देऊन मिळवला आणि पुढे २० मोसमांत त्याच्यासह ५ विजेतेपदे जिंकली. हिशेब बिनतोड आहे. तरीही माझे मत अमेरिकन फुटबॉलमधील डॅलस काउबॉइजच्या बाजूने पडते.

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, पराभवांमागून पराभव पत्करत असताना, या संघाने आपला सर्वोत्तम खेळाडू हर्शल वॉकर मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन टाकला. बदल्यात आलेले खेळाडू फारसे नावाजलेले नव्हते, पण खरी मेख करारातील अटीत होती: ठरावीक मुदतीपूर्वी डॅलसने त्यांना संघातून मुक्त केले, तर त्यांच्याशी जोडलेल्या मिनेसोटाच्या ड्राफ्टमधील निवडी, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, डॅलसला मिळणार होत्या. मिनेसोटाला वाटले की आपण खेळाडू दिले. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांची नजर मात्र पहिल्यापासून त्या निवडींवर होती. त्यांच्याच जोरावर आणखी देवाणघेवाण करून डॅलसने १९९० मध्ये एमिट स्मिथला घेतले, जो पुढे १८,३५५ यार्डांसह एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधील सर्वाधिक रशिंग यार्डांचा (चेंडू घेऊन धावत कापलेल्या अंतराचा) मानकरी ठरला. १९८९ मध्ये १६ पैकी अवघा १ सामना जिंकलेल्या या संघाने १९९२, १९९३ आणि १९९५ च्या मोसमांचे सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, तर वॉकरने मिनेसोटाकडून एकाही मोसमात १,००० रशिंग यार्डांचा टप्पा गाठला नाही.

बेसबॉलपटू बेब रूथचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही, कारण ती अदलाबदल नव्हे, रोख विक्री होती.