एलएनजी वाढणार हे खरं, तरी कर्ज काढून ती नोट घेऊ नका

या वेळचं पत्र एका सेकंड इंजिनिअरचं आहे. वय ३८, एलएनजी (खूप थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) वाहून नेणाऱ्या जहाजावर नोकरी, घरी बायको आणि दोन मुलं. प्रश्न छोटा आहे: बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने पाच वर्षांची एक स्ट्रक्चर्ड नोट (दुसऱ्या शेअरच्या चालीवर परतावा ठरणारा रोखा) सुचवलीय, तीन एलएनजी कंपन्यांच्या शेअरशी जोडलेली, वर्षाला १२ टक्के, 'कॅपिटल सेफ', तर पैसे एकदम टाकू का तीन हप्त्यांत? बाकी सगळं पत्र एलएनजीचं भविष्य किती चांगलं आहे यावर आहे आणि मधेच जाता जाता घरच्या पैशांचा हिशोब दिलाय. मी आधी तो हिशोब वाचला. तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून रकमा न लिहिता सगळं घरखर्चाच्या महिन्यांत मांडतो.

तुमची एकूण बचत ४८ महिन्यांच्या खर्चाएवढी. त्यातले २० महिने तुमच्याच शिपिंग कंपनीच्या शेअरमध्ये, १६ महिने विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत, १२ महिने एफडीत. आता ती एफडी मोडायची, घरावर २४ महिन्यांएवढं कर्ज ९ टक्क्यांनी काढायचं, आणि असे ३६ महिने त्या नोटमध्ये टाकायचे. पाच वर्षं नुसतं व्याज भरायचं, मुद्दल शेवटी.

एकदम नको आणि हप्त्यांतही नको.

कर्जाचा भाग आधी बघू. १२ टक्के मिळाले, तुम्ही सांगितलेल्या दराने पाव भाग करात गेला, उरले ९. कर्जाचं व्याज ९. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी त्या २४ महिन्यांवर तुमची कमाई शून्य आणि घर मात्र गहाण. आणि ते १२ टक्केसुद्धा पक्के नाहीत. तुम्ही जोडलेल्या टर्मशीटच्या (नोटच्या अटींचा कागद) चौथ्या पानावर लिहिलंय की तिन्ही शेअर ठरलेल्या पातळीच्या वर असतील तरच त्या वर्षीचं व्याज, आणि शेवटच्या दिवशी तिघांतला सगळ्यात वाईट शेअर ४० टक्क्यांहून जास्त पडलेला असेल तर मुद्दलही त्याच प्रमाणात कापणार. दोन चांगले चालले आणि एक निम्म्यावर आला तरी तुम्हाला निम्मेच मिळणार, ३६ चे १८, आणि बँकेचं देणं २४. याला 'कॅपिटल सेफ' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ज्याने विकलं त्याचं कमिशन पहिल्याच दिवशी खात्यात जमा होतं.

आता तुमचा मुद्दा, की मागणी वाढणार. वाढणारच. २०२४ मध्ये जगात साधारण ४१ कोटी टन एलएनजीचा व्यापार झाला, शेल कंपनीचा २०२५ चा अंदाज होता की २०४० पर्यंत मागणी ६० टक्क्यांनी वाढेल (एलएनजी विकणाऱ्या कंपनीचा अंदाज आहे, हे लक्षात ठेवून वाचा). पण पुरवठाही तेवढ्याच जोरात येतोय. कतारने वर्षाला ७.७ कोटी टनांवरून २०३० पर्यंत १४.२ कोटींवर जायचं २०२४ मध्ये जाहीर केलं, अमेरिकेने २०१६ मध्ये सबीन पासच्या टर्मिनलहून निर्यात सुरू केली आणि २०२३ मध्ये जगात पहिला नंबर गाठला, आणि आयईएच्या (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था) हिशोबाने मंजूर झालेल्या प्रकल्पांतूनच २०३० पर्यंत जवळपास ३०० अब्ज घनमीटर नवी क्षमता येतेय, म्हणजे २०२४ च्या व्यापाराच्या निम्म्याएवढी. एवढा माल एकदम आला की भाव कुठे जाणार? आशियातला स्पॉट भाव (लांब करार न करता तेव्हाच्या तेव्हा घ्यायचा भाव) २०२० मध्ये एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) २ डॉलरच्या आसपास होता, २०२२ मध्ये ७० च्याही वर गेला. तेव्हा बांगलादेशने स्पॉट खरेदीच बंद केली, पाकिस्तानला टेंडर काढून विकणारे मिळेनात. महाग झाला की गरीब गिऱ्हाईक तुटतं आणि स्वस्त झाला की विकणाऱ्याचा नफा जातो, त्यामुळे टन वाढले म्हणून शेअरवाल्याचे पैसे वाढतातच असं नाही.

प्रकल्पांचंही तेच. ऑस्ट्रेलियातला गॉर्गन ३७ अब्ज डॉलरमध्ये होणार होता, ५४ अब्जांवर गेला. मोझांबिकचा २० अब्जांचा प्रकल्प २०२१ मध्ये जवळच्या पाल्मा गावावर अतिरेक्यांनी केलेल्या हल्ल्यानंतर चार वर्षांहून जास्त काळ अडकला. अमेरिकेतल्या गोल्डन पास प्रकल्पाचा मुख्य कंत्राटदार २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेला. तिथल्याच फ्रीपोर्टच्या एलएनजी कारखान्याला जून २०२२ मध्ये आग लागली, म्हणजे भाव डोक्यावर असताना, आणि कारखाना आठ महिने बंद. २०२४ मध्ये जगातला साधारण पाचवा हिस्सा एलएनजी एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून गेला. आणि शेअरचं बघायचं तर जानेवारी २०२५ मध्ये व्हेंचर ग्लोबल ही अमेरिकी एलएनजी कंपनी बाजारात आली, शेअरला आधी ४० ते ४६ डॉलर मागत होते, २५ ला विकला, एप्रिलमध्ये १० च्या खाली. त्या वर्षी अमेरिकेची निर्यात वाढलीच होती. तुमच्या नोटची ४० टक्क्यांची रेघ ओलांडायला असे तीन महिने पुरतात.

पण मला खरी काळजी वेगळ्याच ओळीची वाटली. तुम्ही लिहिलंय, 'आमचं जहाज स्टीम टर्बाइनचं आहे, मागच्या वेळी घरी तीनऐवजी पाच महिने बसलो, तेवढा काळ पगार नव्हता.' हे तुम्ही सहज लिहून गेलात. २०२२ च्या शेवटी एलएनजी जहाजाचं स्पॉट भाडं दिवसाला चार लाख डॉलरच्या वर होतं, २०२५ च्या सुरुवातीला वीस हजारांच्या खाली आलं. मधल्या काळात जगाचा एलएनजी व्यापार घटला नव्हता, नवी जहाजं प्रकल्पांच्या आधी पाण्यात उतरली एवढंच. आणि भाडं पडलं की आधी कोण बसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. १,७४,००० घनमीटरचं, कमी इंधनात चालणारं नवं टू-स्ट्रोक इंजिनचं जहाज समोर असताना जास्त इंधन खाणारं जुनं स्टीमचं जहाज कोण घेणार, वर आता कार्बनचे नियमही आलेत. ती जहाजं कामाविना उभी करून ठेवली जातायत, भंगारात जातायत.

म्हणजे बघा, पगार एलएनजीच्या भाड्यावर, २० महिन्यांचे शेअर त्याच भाड्यावर, आता नोटही एलएनजीवर, तीही उधारीच्या पैशाने, आणि पगार थांबला तर घर चालवायला जी एफडी आहे तीच मोडायची. एक वाईट वर्ष आलं तर हे सगळं एकाच वेळी पडेल आणि बँकेचं व्याज मात्र दर महिन्याला जाणार.

तेव्हा कर्जाचा अर्ज मागे घ्या, प्रोसेसिंग फी गेली तर जाऊ दे. एफडीला हात लावू नका, तुमच्यासारख्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला १२ महिने जास्त नाहीत. कंपनीचे शेअर विकायची मुभा मिळेल तेव्हा २० पैकी निदान १५ विका आणि जगभरातल्या सगळ्या उद्योगांत पसरलेल्या कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात दोन वर्षांत टाका. एलएनजीवर विश्वास आहे ना, मग उरलेले ५ महिने आहेतच, शिवाय तुमची नोकरी आहे. शेअर विकून आलेल्या पैशातून आधी ड्युअल-फ्युएल (गॅस आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या) टू-स्ट्रोक इंजिनचं ट्रेनिंग करा, खर्च महिना-दोन महिन्यांचा झाला तरी चालेल, तुमचा पगार पुढची २० वर्षं टिकवायला त्याच्याइतकं उपयोगी मला पत्रात दुसरं काही दिसत नाही.

राहिली पॉलिसी. १६ महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे भरून कव्हर किती, तर ३० महिन्यांच्या खर्चाचं. दोन लहान मुलं आणि अडीच वर्षांचा खर्च! निदान १५० महिन्यांचा साधा टर्म विमा घ्या, तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचे हप्ते थांबवायचं बघा, आधी नाही. टर्मच्या फॉर्मवर समुद्रावरची नोकरी आणि गॅसचं जहाज स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढेल, वाढू दे, लपवलं तर क्लेमच्या वेळी बायको एकटी भांडत बसेल. मेडिकल तुम्ही घरी असतानाच होणार, तेव्हा पुढच्या जॉइनिंगची तारीख यायच्या आत हे उरकून घ्या.