एडीएचडी आहे, दुपारनंतर साधा निर्णयही होत नाही. शेतीत कसं निभवायचं?

तुम्ही लिहिलंय की तिशीत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या स्थितीचं, निदान झालं, घरची शेती तुम्हीच बघता आणि चार वाजले की भाजी कोणती आणायची हेही ठरत नाही. मी दारव्ह्याकडे कोरडवाहू करतो. माझं निदान तुमच्याहून उशिरा झालं, म्हणून थोडं सांगतो.

रोज एकाच रंगाचे कपडे घाला, नाश्ता ठरवून टाका, असले सल्ले आपल्या काय कामाचे? इथं सकाळी सातला बाया दारात उभ्या राहतात, "भाऊ, आज कोणत्या वावरात?" तेवढ्यात डवऱ्याच्या (पिकाच्या ओळींत कोळपणी करणाऱ्या) माणसाचा फोन येतो आणि मोटरची लाईनही तेव्हाच येते.

दिवसभर निर्णय घेऊन इच्छाशक्ती संपते, असं बरेच जण सांगतात. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून हे तपासणारा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम जवळपास दिसलाच नाही. मला वाटतं, आपली अडचण वेगळी आहे. एडीएचडीत वर्किंग मेमरी, म्हणजे विचार करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद, बहुधा कच्ची असते. तिसरा पर्याय तोलेपर्यंत पहिला निसटतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थकवा येतो तो या फेऱ्यांचा. म्हणून नुसत्या आरामानं भागत नाही, पर्याय डोक्यातून काढून भिंतीवर लिहावे लागतात.

बियाण्याचंच घ्या. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे भावावरून निवड होतच नाही. दुकानदार मात्र दहा नावं पुढे करतो आणि डोकं बंद पडतं. मी मे महिन्यातच कॅलेंडरवर लिहून ठेवतो: हलक्या वावरात लवकर येणारं वाण, भारी वावरात मागच्या वर्षी चाललेलं. दुकानात फक्त चिठ्ठी दाखवायची. पेरणीचंही तसंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तो आकडा दारावर लिहिलाय. मृगाच्या पहिल्या सरीला शेजाऱ्याची तिफण निघाली की जीव कासावीस होतो, पण मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा बघायचा, बस. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या पोत्यात ठेवायचे. ७० किंवा जास्त उगवले तर पेरायचे. त्यावर आणखी चर्चा नाही.

पिकाच्या कोणत्या ओळीत निंदण आधी, हे मी टोळी आणणाऱ्या बाईंवर सोडलंय. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. बायकोवर मात्र सगळं ढकलू नका. तिचंही डोकं दिवसभर चालूच असतं, आणि हे नवऱ्यांच्या लक्षात येत नाही.

दिवे लागल्यावर पैशाचा निर्णय घेत नाही. पंप विकणारा असो की उसने मागणारा पाहुणा, दोघांना एकच उत्तर: "उद्या सकाळी सांगतो." नियमात न बसणारं काही आलं, जसं पावसाचा खंड, तर एकाच माणसाला विचारायचं. पारावर पाच जणांना विचारलं तर पाच उत्तरं घरी येतात.

एडीएचडीची गोळी घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. कमी वेळ चालणाऱ्या मिथाइलफेनिडेटचा असर साधारण तीन-चार तास असतो, अवघड बोलणी त्या वेळेत बसवता येतात. अ‍ॅटोमॉक्सेटीन या दुसऱ्या गोळीचा फायदा दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत ती बंद करू नका. मिथाइलफेनिडेट चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर असतंच असं नाही, म्हणून संपायच्या आधीची तारीख कॅलेंडरवर टाका. झोप लागत नसेल किंवा मन सतत उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तालुक्याला जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.