पोटाच्या डायलिसिसनंतरचा ईपीएस: टॅमोक्सिफेन का देतात?

तुमच्या भावाचं सात वर्षं पोटाचं डायलिसिस (पीडी), मग हिमोवर, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या डायलिसिसवर बदल, आणि आता सीटी स्कॅनमध्ये ईपीएस (एन्कॅप्स्युलेटिंग पेरिटोनियल स्क्लेरोसिस). प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडबरोबर टॅमोक्सिफेन लिहून दिलंय, पण पाकिटातल्या कागदावर ‘स्तनाचा कॅन्सर’ वाचून तुम्ही त्याची ती गोळी सुरूच केली नाहीत. चिठ्ठी चुकलेली नाही. हे औषध या आजारात पुरुषांनाही देतात.

ईपीएसमध्ये पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं अस्तर, जाड होऊन आतड्यांना कोशासारखं आवळतं. पीडी जितकी वर्षं चाललं तितकी जोखीम जास्त, आणि त्रास बरेचदा पीडी बंद केल्यावरच सुरू होतो. टॅमोक्सिफेन तंतू वाढवणाऱ्या टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या कामात ढवळाढवळ करतं असं मानतात. पोटाच्या मागच्या भागात तंतू वाढण्याच्या दुसऱ्या एका आजारातही ते वापरतात. डोस साधारण रोज 10 ते 40 मिलिग्रॅम. नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या 2011 साली छापून आलेल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले, पण ती जुन्या नोंदींची तुलना होती. म्हणून खात्रीचा इलाज म्हणणार नाही. करून बघण्यासारखा नक्की आहे.

स्टेरॉइडचं गणित वेगळं. सूज चालू असताना, म्हणजे ताप, वाढलेलं सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी), पोटात पाणी असताना ते उपयोगी पडतं. कोश घट्ट झाल्यावर फारसं नाही, उलट इन्फेक्शनची भीती वाढते. ‘आजार कुठल्या टप्प्यात आहे?’ हे डॉक्टरांना आधी विचारा. आणि स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नका, डोस हळूहळूच उतरवतात.

खरं सांगू? गोळ्यांपेक्षा मला त्याच्या वजनाची काळजी वाटते. ईपीएसमध्ये माणूस उपासमारीने खचतो. उलट्यांमुळे जेवण टिकत नसेल तर शिरेतून पोषण देण्याचा विषय तुम्हीच काढा, वाट बघू नका. आतडं वारंवार अडत असेल तर कोश सोडवण्याची शस्त्रक्रिया असते. ती फक्त तिचा सराव असलेल्या सर्जनकडेच. जपानमध्ये तिचा अनुभव मोठा आहे.

टॅमोक्सिफेन सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. टॅमोक्सिफेन गुठळ्यांचा धोका वाढवतं, आणि वॉरफरिनबरोबर घेतल्यास रक्त जास्तच पातळ होतं. नंतर एक पाय सुजला, अचानक धाप लागली, तर थेट इमर्जन्सीत. फिस्टुलाची (हिमोसाठी जोडलेल्या रक्तवाहिनीची) थरथर रोज हाताने तपासायला त्याला सांगा. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस युनिटला फोन.