आधी पाणी कोण भरतं ते सांग

तुझ्या प्रलयातल्या प्रेमकादंबरीबद्दलचा मेसेज रात्री दीडला वाचला. "काका, प्रलय जास्त झालाय की प्रेम कमी पडलंय?" अगं दोन्ही नाही, पाणी कमी पडलंय.

सौरवादळावर, म्हणजे सूर्यावरच्या भडक्याने इथली वीज कशी जाते त्यावर, तू बावीस पानं घातलीस. 1859 साली कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरचा तो भडका पाहिला, तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, 1989 ला कॅनडातल्या क्यूबेकचं विजेचं ग्रीड नऊ तास गेलं, सगळं बरोबर, अभ्यास दिसतो, पण ठाण्यात घोडबंदरला चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या तुझ्या नायिकेला त्याचं काय? लिफ्ट बंद, पंप बंद, गच्चीवरची टाकी परवाच आटली, एवढंच तिला कळतं. 12 ऑक्टोबर 2020 आठव ना, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट गेली, तेव्हा आमच्या जिन्यात ग्रीडचं नाव कुणी काढलं नाही, "तुमच्याकडे प्यायचं भरलेलंय ना?" एवढंच चाललं होतं.

म्हणून म्हणतो, पाणी कोण भरतं ते लिही. मदतछावण्यांत माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर धरतात. दोघांचे तीस, म्हणजे तीस किलो, चौदा मजले, रोज! यात तुझा हीरो बसव बघू. गच्चीवर तिला तारे दाखवत बसलाय (शहराचे दिवे गेल्यावर आभाळ दिसायला लागतं ते झकास जमलंय, हात लावू नकोस), पण याची बादली कुठाय? सातव्या मजल्यावर तो बादली टेकवतो, तळहातावर कडीचा लाल वळ, ती काही न बोलता ओढणीची चुंबळ करून कडीला गुंडाळते आणि एका बाजूने धरते. झालं की प्रेम! तिसऱ्या प्रकरणातलं ते चुंबन काढ, दोघांनी चार दिवस अंघोळ केलेली नाही हे तूच आदल्या पानावर लिहिलंयस.

चिडतोय कारण मी हेच करून बसलोय. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, मी ऑफिसात अडकलो, दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत ठाण्याला पोचलो. त्यावर दिवाळी अंकात कथा दिली, नायिका खिडकीत रात्रभर वाट बघत उभी वगैरे. लोकांनी कौतुक केलं. तुझ्या काकूने वाचली आणि म्हणाली, "खिडकीत उभं राहायला वेळ कुणाला होता?" खालच्या मजल्यात पाणी शिरलं होतं, ती शेजारच्या आजींना वर आणून, त्यांच्यासकट पाचजणांचं पाणी चौथ्या मजल्यावर चढवत होती. मी विचारलंच नव्हतं गं. आता संपादकांना आठ दिवसांत कथा हवी होती, आणि तेव्हा तसंच लिहायचे सगळे, अगदीच टाकाऊ नव्हती ती, अजूनही म्हणेन. पण त्यानंतर प्रेमकथा जमली नाही. नोकरीमुळे सुटलं असं सांगतो सगळ्यांना, तेही खोटं नाही.

तर बावीस पानांची दोन कर. आणि तो कोळीवाड्यातला पोरगा, ज्याच्या विहिरीवर तुझा अख्खा टॉवर रांग लावतो, तो तिला "मॅडम" का म्हणतो? विहीर त्याची आहे! तिलाच म्हणू दे "दादा, एक हंडा मिळेल का", मग पुढे दादा म्हणणं कसं सुटतं ते लिही, मला तेच वाचायचंय.

रविवारी ये. काकूला पण वाचून दाखव, मी आत बसेन.