जुन्या रेसिंग हेरल्ड गाडीच्या गिअरबॉक्सचं मागचं सील बदललं, तरी तेल गळतंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी म्हापशाला घराच्या उतारावर नाक खाली करून उभी असते, मागचं सील नवं आहे, तरी सकाळी फरशीवर डाग असतो. मी डिचोलीला गिअरबॉक्सचीच कामं करतो; पूर्वी खाणीचे ट्रक, आता येईल ते. मला मागच्यापेक्षा पुढच्या बाजूचा संशय येतोय.

त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गिअरबॉक्सांना इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडून आत येणाऱ्या दांड्यावर, रबरी सील नसतंच. तिथे उलट आटे पाडलेले असतात. शाफ्ट फिरला की ते तेल आत ढकलतात. शाफ्ट थांबला की अडवायला कोणी नाही. त्यात तेल जास्त भरलेलं असलं आणि नाक खाली असलं, तर ते रात्रभर क्लचकडे उतरणारच. म्हणून गाडी सपाटीवर घ्या, पुढून-मागून सारखी उचलून लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी दाखवणारं बूच) काढा. जास्तीचं तेल वाहू द्या, थेंबावर आलं की प्लग लावा. काही रात्री सपाटीवरच ठेवून बघा. माझ्याकडे येणारी बरीच दुखणी इथेच संपतात.

थांबलं नाही, तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. क्लच हाउसिंगच्या तळातून इंजिनाचं तेलही टपकतं आणि आळ गिअरबॉक्सवर येतो. मग गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच डिझेलने धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर मारा आणि एक फेरी मारून या. ओघळाचं सगळ्यात वरचं टोक शोधायचं; वाऱ्याने तेल मागे जातं, खालचा थेंब फसवतो. स्पीडोमीटर केबलचा सांधाही बघा.

मागूनच येत असेल, तर आणखी एक सील आणण्याआधी फ्लँजवर (मागच्या शाफ्टच्या जोडचकतीवर) जिथे सील बसतं तिथे नख फिरवा. नख अडकलं म्हणजे जुन्या सीलने खाच पाडली आहे. आपल्या खाऱ्या हवेत पावसाळाभर उभ्या गाडीला तिथेच गंजाचे खड्डेही पडतात, ते नव्या रबराला किसणीसारखे किसतात. त्यावर पातळ धातूची स्लीव्ह (नळी) चढवा, किंवा जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवा. सीलच्या रबरी ओठाला तेल लावूनच बसवायचं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ब्रीदर (हवा सोडणारं भोक) असेल तर त्यात तार घाला. कुंभारीण माशी भोक मातीने लिंपते, मग तापलेली हवा सीलमधूनच वाट काढते.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर हेरल्डचा गाडीच्या आतून, दोन सीटांमधल्या बोगद्याचं कव्हर काढून निघतो. ही एक त्या गाडीची मेहेरबानी. तेल भरताना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइलच घ्या. जीएल-५ मधली द्रव्यं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना खाऊ शकतात, आणि त्या रिंगा शोधणं सील शोधण्याइतकं सोपं नाही.